छत नसलेली मंदिरे : आकाशगामिनी योगिनींचा इतिहास

राजस्थानातील झालावाड जिल्ह्यातल्या गंगधार या गावचा मालव संवत 480 चा, म्हणजे इ.स. 423-24 चा शिलालेख हा डाकिनींच्या इतिहासाचा सर्वांत जुना कालनिश्चित पुरावा मानला जातो. विश्ववर्मा या राजाचा मंत्री मयूराक्षक याने विष्णूचे मंदिर बांधले, लोकांसाठी विहीर खोदविली आणि त्याच पुण्यकर्मांच्या ओघात मातृदेवतांसाठीही एक घर उभारले, असे हा लेख सांगतो. हे घर अतिभयंकर असून डाकिनींनी भरलेले आहे, आणि तेथील मातृका दाट अंधारात मेघांसारख्या गर्जना करीत तंत्रबळाने वादळे उठवून समुद्र घुसळून काढतात, असे त्याचे वर्णन आहे. जे. एफ. फ्लीट यांनी गुप्तकालीन लेखांच्या 1888 सालच्या संग्रहात हा लेख प्रसिद्ध केला, तेव्हापासून अभ्यासकांना त्यातील एका गोष्टीने सतत विचारात पाडले आहे. असे घर बांधणारा माणूस कोणी स्मशानवासी कापालिक नव्हता. तो राजदरबारातला प्रतिष्ठित विष्णुभक्त होता, आणि ज्यांच्या नावाने अंगावर काटा यावा अशा स्त्रियांना घर देणे हे त्याला पुण्याचे काम वाटत होते. भय आणि पुण्य यांची ही सांगड पुढील आठशे वर्षे टिकली. ती कशी बळावली आणि कशी सुटली, हाच आकाशगामिनींचा इतिहास होय.

डाकिनी आणि योगिनी ही दोन नावे तांत्रिक ग्रंथांत पुष्कळदा एकमेकींच्या जागी येत असली तरी त्यांची मुळे सारखी नाहीत. डाकिनी ही आरंभी मांस खाणारी, रात्री फिरणारी, माणसाचे सत्त्व शोषून घेणारी स्त्रीरूप भूतयोनी होती. लंकावतार या बौद्ध सूत्रात मांसाहाराचा निषेध करताना मांसभक्षक पुढच्या जन्मी डाकिनीच्या पोटी येतात असा धाक घातलेला आहे, त्यावरून सामान्य लोकांच्या मनातली तिची प्रतिमा कशी होती ते कळते. योगिनी मात्र देवीही असू शकते आणि योगसिद्धी मिळविलेली मानवी स्त्रीही असू शकते. या दोघींच्या मागे मातृकांची, म्हणजे ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी आणि चामुंडा या सात देवींची जुनी परंपरा उभी आहे. वेरूळच्या 14 आणि 21 क्रमांकाच्या लेण्यांत या सप्तमातृका मांडीवर किंवा शेजारी बालके घेऊन बसलेल्या दिसतात. तेथे त्या संसारी, शांत आणि वात्सल्यमूर्ती वाटतात, पण त्याच रांगेच्या टोकाशी असलेली अस्थिपंजर चामुंडा ही त्यांची दुसरी बाजू लपवीत नाही. पुढे मातृका सातच्या आठ झाल्या, प्रत्येकीच्या कुळात आठ-आठ योगिनी मोजल्या गेल्या आणि त्यातून चौसष्ट हा आकडा रूढ झाला. मात्र चौसष्ट योगिनींची नावे कोणत्याही दोन ग्रंथांत पूर्णपणे जुळत नाहीत. अग्निपुराण, कालिकापुराण आणि स्कंदपुराणातील काशीखंड यांच्या याद्या एकमेकींपुढे ठेवल्या की आकडा स्थिर आणि देवता अस्थिर असल्याचे लक्षात येते, आणि गावोगावच्या स्थानिक देवी या आकड्याच्या आश्रयाने आत आल्या असाव्यात असे मानण्यास भक्कम आधार मिळतो.

संस्कृत साहित्यात उडणाऱ्या योगिनीचे पहिले सविस्तर चित्र रंगविणारा कवी विदर्भातला होता, याची आठवण मराठी वाचकाने आवर्जून ठेवावी. आठव्या शतकाच्या आरंभीचा भवभूती आपण पद्मपूरचे असल्याचे स्वतःच सांगतो, आणि गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर हेच ते गाव, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. त्याच्या ‘मालतीमाधव’ या नाटकाचा पाचवा अंक उघडतो तोच मुळी आकाशातून उतरणाऱ्या कपालकुंडलेच्या प्रवेशाने. अघोरघंट नावाच्या कापालिकाची ही शिष्या स्मशानाजवळच्या कराला चामुंडेच्या देवळाकडे निघालेली आहे. ती नुसती उडत येत नाही, तर आपण कशाच्या बळावर उडतो तेही सांगते. सोळा नाड्यांच्या चक्रात, हृदयाच्या मध्यभागी वसलेल्या शक्तिनाथाचे ध्यान आणि शरीराच्या अवयवांवर मंत्रांची स्थापना करण्याचा विधी, म्हणजे न्यास, यांच्या योगाने आपण श्रम न पावता आकाश तुडवीत आलो, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. भवभूतीला ही साधना ऐकीव माहितीपुरतीच ठाऊक असती, तर त्याने तिचे इतके नेमके शब्द वापरले नसते. पुढे अघोरघंट नायिका मालतीला बळी देण्याच्या बेतात असताना, स्मशानात नरमांस विकण्यासाठी आलेला माधव तिला वाचवतो आणि अघोरघंटाला मारतो. कपालकुंडला त्याचा सूड म्हणून मालतीला उचलून श्रीपर्वताकडे नेते.

या नाटकाचा उलगडा ज्या पात्रामुळे होतो त्या सौदामिनीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. सौदामिनी ही कामंदकी या बौद्ध परिव्राजिकेची जुनी शिष्या असून तिनेही श्रीपर्वतावर मंत्रसिद्धी मिळविलेली आहे. तीही उडते, आणि मालतीला सोडवून आणते ती तीच. म्हणजे एकाच पर्वतावरची, एकाच विद्येची दोन फळे भवभूतीने समोरासमोर ठेवली आहेत. उडण्याची शक्ती त्याने पापी ठरविलेली नाही, ती कोणाच्या हाती आहे यावर सारे सोपविले आहे. या विद्येचा भयानक आणि तारक असा दुहेरी स्वभाव इतक्या समतोलपणे नंतरच्या फार थोड्या लेखकांना मांडता आला.

नाटकात दिसणाऱ्या या साधनेचे विधिविधान ज्या ग्रंथांत आले आहे, त्यांत ‘ब्रह्मयामल’ आणि ‘सिद्धयोगेश्वरीमत’ हे ग्रंथ सर्वांत जुन्यांपैकी होत. त्यांचा काळ साधारणपणे सातव्या-आठव्या शतकाच्या आसपास धरला जातो. साधकाचे अंतिम ध्येय तेथे मेलक हे आहे. मेलक म्हणजे योगिनींशी प्रत्यक्ष भेट. कृष्ण पक्षातील अष्टमी किंवा चतुर्दशीच्या रात्री, स्मशानात किंवा निर्जन रानात, ‘वीर’ म्हणवणाऱ्या साधकाने दीर्घ व्रतानंतर योगिनींना आवाहन करायचे, त्या घोर आवाज करीत आकाशातून उतरल्या की न घाबरता त्यांना आपल्या डाव्या हाताच्या रक्ताचे अर्घ्य द्यायचे, असा हा प्रसंग आहे. त्या प्रसन्न झाल्या तर त्याला आपला चरू, म्हणजे यज्ञशेष अन्न, वाटून देतात आणि तो त्यांच्या मंडळात सामील होऊन त्यांच्यासारखाच आकाशात संचार करू लागतो. तो डगमगला, विधीत चुकला किंवा अपात्र निघाला, तर मात्र त्यांच्या दृष्टीने तो वीर उरत नाही, बळीचा पशू ठरतो. या ग्रंथांत योगिनींचे प्रकारही सांगितले आहेत : विशिष्ट स्थळी जन्मलेल्या क्षेत्रजा, पीठांवर जन्मलेल्या पीठजा, योगबळाने झालेल्या योगजा आणि साधकांच्या कुळात जन्मलेल्या कुलजा. यांतील पुष्कळशा योगिनी सामान्य घरांतल्या सामान्य स्त्रिया म्हणून वावरत असतात, अशी समजूत असल्याने त्यांना ओळखण्यासाठी छोम्मा नावाची गुप्त खुणांची भाषा दिलेली आहे. कोणत्या अवयवाला स्पर्श केला म्हणजे काय विचारले आणि त्याला कोणत्या स्पर्शाने उत्तर द्यायचे, याचे कोष्टकच तेथे आढळते.

मत्स्येंद्रनाथांच्या नावावर असलेला ‘कौलज्ञाननिर्णय’ हा ग्रंथ या परंपरेत विशेष मोलाचा आहे. नेपाळमधील अकराव्या शतकाच्या सुमाराच्या हस्तलिखितावरून प्रबोधचंद्र बागची यांनी तो 1934 साली कलकत्त्याहून प्रसिद्ध केला. योगिनीकौल हा मार्ग कामरूपात, म्हणजे आजच्या आसामात, घरोघरच्या स्त्रियांमध्ये नांदतो असे हा ग्रंथ म्हणतो, आणि योगिनी पृथ्वीवर गिधाड, हंस, कोल्ही अशा पशुपक्ष्यांच्या रूपांनी हिंडतात, म्हणून त्या जीवांचा अव्हेर करू नये, असे बजावतो. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि ज्ञानदेव या गुरुपरंपरेमुळे महाराष्ट्राला मत्स्येंद्रनाथ परके नाहीत. ज्ञानेश्वरीच्या शेवटी सप्तशृंगावर त्यांची आणि भग्नावयव चौरंगीची भेट झाल्याचा उल्लेख आहे. परंतु मराठी मनातल्या मत्स्येंद्राची कथा फिरली आहे. मालू नरहरीच्या 1819 सालच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या ग्रंथात ते स्त्रीराज्यात रमलेले असतात आणि गोरक्ष मृदंगाच्या बोलांनी त्यांना भानावर आणून परत नेतो. ज्या मंडळात प्रवेश मिळणे हे कौल साधकाचे सर्वोच्च भाग्य होते, तेच मंडळ ब्रह्मचर्याचा आदर्श मानणाऱ्या उत्तरकालीन नाथपंथाच्या दृष्टीने गुरूला अडकवणारा मोह ठरले. एकाच पुरुषाच्या चरित्रात एवढे अंतर पडावे, यावरून मधल्या शतकांत या उपासनेचे काय झाले ते उमगते.

त्या मधल्या शतकांतच, साधारणपणे नवव्यापासून बाराव्यापर्यंत, योगिनींची दगडी मंदिरे उभी राहिली, आणि भारतीय मंदिरांच्या सगळ्या इतिहासात त्यांच्यासारखी दुसरी वास्तू नाही. त्यांना शिखर नाही, गर्भगृह नाही, आणि मुख्य म्हणजे छत नाही. उघड्या आकाशाखाली एक वर्तुळाकार भिंत, तिच्या आतल्या बाजूस सलग कोनाडे, प्रत्येक कोनाड्यात केंद्राकडे तोंड केलेली एक योगिनी, आणि मध्यभागी भैरव किंवा शिव, असा त्यांचा सामान्य आराखडा असतो. योगिनी आकाशातून येतात आणि आकाशातून जातात, म्हणून त्यांच्या घराला वरून झाकण असू शकत नाही. आणि त्या एकेकट्या नव्हे, तर चक्राने वावरतात, म्हणून भिंतीला सहसा कोपरा नसतो. श्रद्धेचा आशय इतक्या सरळपणे दगडात उतरल्याचे उदाहरण विरळाच.

ओडिशातील भुवनेश्वरजवळच्या हिरापूरचे मंदिर यांत सर्वांत लहान आणि सर्वांत सुंदर आहे. नवव्या शतकाच्या सुमारास बांधलेल्या या मंदिराचा बाहेरचा व्यास सुमारे 30 फूट आहे. केदारनाथ महापात्र यांनी 1953 साली ते अभ्यासकांच्या नजरेस आणले, तोपर्यंत गावाबाहेर त्याची कोणी दखल घेतली नव्हती. वालुकाश्माच्या भिंतीतल्या 60 कोनाड्यांत काळ्या क्लोराइट दगडाच्या, दोन फुटांच्या आसपास उंचीच्या योगिनी आहेत आणि उरलेल्या मधल्या मंडपात. त्यांची शरीरे तरुण, बांधेसूद आणि अलंकारांनी मढलेली आहेत. चेहरे मात्र काहींचे मानवी, काहींचे पशूंचे आहेत. प्रत्येकीच्या पायाखाली वेगळे वाहन आहे, आणि उंदरावर उभी राहून धनुष्य ताणणारी योगिनी पाहिली की या शिल्पकारांनी भयाला किती सहजतेने लावण्याची जोड दिली होती ते कळते. बाहेरच्या भिंतीवर नरमुंडांवर उभ्या असलेल्या नऊ कात्यायनी आहेत. येथील एका योगिनीची महामाया म्हणून पूजा अजूनही चालू आहे.

ओडिशातच बलांगीर जिल्ह्यातील राणीपूर-झरियाल येथे उघड्या खडकाळ पठारावर असेच दुसरे वर्तुळ आहे. तेथील सर्व योगिनी नृत्यमुद्रेत असून मध्ये त्रिमुख भैरव आहे. मध्य प्रदेशातील भेडाघाटचे वर्तुळ या सर्वांत मोठे. त्रिपुरीच्या कलचुरी राजांनी दहाव्या शतकात नर्मदेच्या काठच्या टेकडीवर ते बांधले. त्याचा व्यास 125 फुटांच्या आसपास आहे आणि तेथे योगिनी चौसष्ट नव्हे, तर 81 आहेत. त्यांच्या बैठकींवर नावे कोरलेली असल्यामुळे अभ्यासकांच्या दृष्टीने या मंदिराचे मोल फार मोठे आहे. महिषासुराला मारणाऱ्या देवीच्या मूर्तीखाली येथे दुर्गा किंवा महिषमर्दिनी असे नाव नसून ‘तेरंवा’ असे आहे. पुराणातल्या सर्वमान्य देवीचे रूप आणि कोणा स्थानिक देवीचे नाव यांची अशी गाठ येथे पडलेली दिसते. खजुराहोचे चौसष्ट योगिनी मंदिर मात्र वर्तुळाकार नाही. ते आयताकृती असून खडबडीत ग्रॅनाइटचे आहे. नवव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे मंदिर तेथील सर्वांत जुन्या वास्तूंपैकी एक असल्याने चंदेल राजघराण्याच्या उदयकाळीच ही उपासना त्यांच्या राजधानीत आलेली होती असे म्हणता येते. मुरैना जिल्ह्यात मितावलीच्या टेकडीवर कच्छपघात राजा देवपाल याच्या नावाशी जोडलेले, अकराव्या शतकातले मोठे वर्तुळ आहे. भवभूतीच्या नाटकातली पद्मावती नगरी, म्हणजे आजचे पवाया, याच ग्वाल्हेर परिसरात आहे.

या मंदिरांचा नकाशा पाहिला तर ती कलचुरी, चंदेल, कच्छपघात अशा राजघराण्यांच्या मुलखात, विंध्याच्या दोन्ही अंगांना आणि ओडिशात एकवटलेली दिसतात. विद्या देहेजिया यांनी 1986 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या मंदिरांचा पहिला समग्र अभ्यास मांडला. एकमेकांशी सतत लढणाऱ्या या राजांना योगिनींकडून युद्धात जय आणि शत्रूचा नाश हवा होता, हा तर्क सर्वांत पटण्यासारखा आहे. काशीखंडातील कथाही त्याला पोषक आहे. दिवोदास राजाने काशीतून देवांना घालवल्यावर शिवाने त्याला हुसकण्यासाठी चौसष्ट योगिनींना तेथे पाठविले. त्यांनी नाना धंद्यांच्या स्त्रियांची सोंगे घेऊन नगरात प्रवेश केला, पण राजाच्या राज्यकारभारात एकही छिद्र त्यांना सापडले नाही. रिकाम्या हाताने शिवाकडे परतण्यापेक्षा त्या काशीतच राहिल्या. वाराणसीचा चौसट्टी घाट त्यांचे नाव अजून चालवतो. राज्य उलथून टाकण्यासाठी देवाने योगिनी वापराव्यात, ही कल्पनाच त्यांचे राजकीय स्थान दाखविते. दक्षिणेत राष्ट्रकूटांच्या काळात, 959 साली पूर्ण झालेल्या सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलक’ या जैन ग्रंथातही चंडमारी देवीच्या देवळाकडे आकाशमार्गाने झेपावणाऱ्या महायोगिनींचे भीषण वर्णन आहे. विरोधकालाही त्यांची दखल घ्यावी लागत होती.

काश्मीरमध्ये योगिनींची मोठी मंदिरे उरलेली नाहीत, पण त्यांच्या कथा तेथे सर्वाधिक जिवंत राहिल्या. कल्हणाने 1148-49 मध्ये लिहिलेल्या ‘राजतरंगिणी’त सांगितलेली संधिमतीची कथा वाचणाऱ्याला सहज विसरता येत नाही. राजाने सुळावर चढवलेल्या या मंत्र्याचा सांगाडा स्मशानात पडलेला असताना त्याचा गुरू ईशान याला मध्यरात्री दिव्य धुपाचा सुगंध येतो, घंटांचा नाद ऐकू येतो आणि तेजोवलयात उभ्या असलेल्या योगिनी दिसतात. त्या त्या सांगाड्याला अवयव जोडतात, त्यात प्राण आणतात, त्याच्याबरोबर रात्र घालवतात, आणि तोच संधिमती पुढे आर्यराज या नावाने काश्मीरचा राजा होतो. त्याच ग्रंथात भट्टा नावाची योगेश्वरी बक राजाला उत्सवाला बोलावून त्याच्या मुला-नातवांसह देवीचक्राला बळी देते आणि आकाशात निघून जाते. ती उडाली त्या खडकावर तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या खुणा अजून दिसतात, असे कल्हण नोंदवितो. राजाला मारणारी आणि राजा घडवणारी, या दोन्ही योगिनींची हकीकत तो एकाच गंभीरपणे सांगतो.

त्याच्या आधी साधारण पाऊण शतक सोमदेवाने सूर्यवती राणीसाठी रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त मात्र सूर बदललेला आहे. कान्यकुब्जातल्या ब्राह्मण गुरूची बायको कालरात्री ही डाकिनी असते. सुंदरक नावाच्या शिष्याने तिला नकार दिल्यावर ती त्याच्यावर आळ घेते, त्याला मार बसतो, आणि तो एका गोठ्यात लपून राहतो. रात्री कालरात्री आपल्या मैत्रिणींसह त्याच गोठ्यात येते आणि मंत्र म्हणताच अख्खा गोठा उडत उज्जयिनीला पोहोचतो. ती स्मशानात गेली असता भुकेला सुंदरक तेथल्या मळ्यातले मुळे उपटून खातो. पुढे मंत्र कानी पडल्याने तोही उडू लागतो, आणि माळव्याचे मुळे कान्यकुब्जाच्या बाजारात कसे आले, या प्रश्नावरून राजाच्या माणसांशी त्याचा खटका उडतो. गंगधारच्या लेखात समुद्र घुसळणाऱ्या डाकिनी येथे बाजारातल्या भाजीच्या गोष्टीत आल्या आहेत. पण कालरात्रीचे दुष्टपण यात कायम आहे, किंबहुना वाढले आहे. ती कोणाचीही उपास्य देवता नाही, घरात लपलेली घातकी बाई आहे.

काश्मीरच्या शैव आचार्यांनी मात्र वेगळी वाट धरली. अभिनवगुप्ताने ‘तंत्रालोका’त मच्छंद, म्हणजेच मत्स्येंद्र, यांना वंदन करून कौल परंपरेचा आदर राखला, पण योगिनीचक्राचा खरा ठाव साधकाच्या देहात आणि जाणिवेत आहे, असा विचार या परंपरेत रुजला. त्याचा शिष्य क्षेमराज ‘प्रत्यभिज्ञाहृदय’ या ग्रंथात खेचरी, गोचरी, दिक्चरी आणि भूचरी अशी शक्तींची चार चक्रे सांगतो. खेचरी म्हणजे आकाशात वावरणारी, पण येथे आकाश म्हणजे चैतन्याचा निराकार विस्तार. बाकीच्या तिघी अनुक्रमे अंतःकरणात, ज्ञानेंद्रियांत आणि बाह्य विषयांत वावरतात. अज्ञानी माणसाला याच शक्ती बांधून ठेवतात आणि ज्ञान्याला याच मुक्त करतात. स्मशानातल्या योगिनी वीराला उडवत आणि पशूला खाऊन टाकत, तोच नियम क्षेमराजाने शब्दही फारसे न बदलता माणसाच्या मनावर लागू केला. भारतीय तत्त्वचिंतनातील हे एक अत्यंत धाडसी रूपांतर आहे.

बौद्धांनी डाकिनीला यापेक्षाही मोठे स्थान दिले. हेवज्र आणि चक्रसंवर या तंत्रांमध्ये डाकिनी ही गुह्य ज्ञानाची स्वामिनी आहे, आणि आजच्या स्वात खोऱ्याशी जोडलेले ओड्डियान हे तिचे माहेर मानले गेले. अकराव्या शतकातल्या नारोपाची कथा तिबेटमध्ये सर्वांना ठाऊक आहे. नालंदेतला हा पंडित पोथी वाचत असता पानावर सावली पडते. मागे एक अतिकुरूप म्हातारी उभी असते. तू शब्द समजून घेतोस की अर्थ, असे ती विचारते. शब्द, असे ऐकून ती आनंदाने नाचते, आणि अर्थही समजतो असे त्याने म्हणताच रडू लागते. ही म्हातारी डाकिनी असते, आणि तिच्या सांगण्यावरून नारोपा मठ सोडून तिलोपा या गुरूच्या शोधात निघतो. तिबेटी भाषेत तिला खांडोमा म्हणतात, आणि माचिग लाबद्रोन (1055–1149) यांच्यासारख्या प्रत्यक्षात होऊन गेलेल्या स्त्री आचार्यांनाही तिचे रूप मानले जाते. पूर्वेकडे ती चीनमार्गे जपानात गेली. वैरोचन बुद्धाने महाकालरूपाने डाकिनींना गिळून वश केले आणि जिवंतांऐवजी मेलेल्यांचेच हृदय खाण्याची त्यांना मुभा दिली, अशी कथा आठव्या शतकातल्या चिनी भाष्यात आहे. जपानात ती पांढऱ्या कोल्ह्यावर बसलेली दाकिनीतेन झाली आणि तेथील धान्याच्या इनारी देवतेशी एकरूप झाली.

महाराष्ट्रात तेराव्या शतकातील महानुभाव परंपरेत योगिनीची एक वेगळीच आठवण जपली गेली आहे. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’च्या परंपरेनुसार द्वारावतीच्या चांगदेव राउळांची कीर्ती ऐकून कामाख्या नावाची योगिनी त्यांच्याकडे येते आणि त्यांच्या संगाचा हट्ट धरते, तिला टाळण्यासाठी चांगदेव देह ठेवतात आणि भडोचच्या प्रधानपुत्र हरिपाळदेवाच्या मृत देहात प्रवेश करतात. हेच पुढे चक्रधर झाले. म्हणजे महानुभावांच्या दृष्टीने चक्रधरांच्या अवताराला निमित्त झाली ती एक कौल योगिनी, आणि तिचे नाव कामरूपाची देवी कामाख्या हिचेच होते. बाराव्या शतकातील जैन आचार्य जिनदत्तसूरींनी चौसष्ट योगिनींना वश केल्याची कथा याच धाटणीची आहे. त्यांचे शिष्य मणिधारी जिनचंद्रसूरी यांना दिल्लीला, म्हणजेच त्या काळच्या योगिनीपुराला, जाऊ नये असे गुरूंनी बजावले होते आणि 1166 साली त्यांचा अंत तेथेच झाला, असे जैन परंपरा सांगते. बाराव्या-तेराव्या शतकांत निरनिराळ्या पंथांच्या लोकांनी जवळपास एकाच वेळी योगिनीवरच्या विजयाच्या कथा रचाव्यात, हे त्यांच्या उपासनेचा पाया ढासळत असल्याचे लक्षण होय. राजाश्रय गेल्यावर मितावलीच्या चौसष्ट कोनाड्यांत शिवलिंगे आली आणि मंदिराला इकोत्तरसो महादेव हे नाव पडले. मात्र पूर्ण विस्मरण कधीच झाले नाही. नवरात्रात घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या अंबाबाईच्या आरतीत दुसऱ्या माळेला चौसष्ट योगिनी अजूनही जमतात, पण त्या कोण, हे म्हणणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

मूर्तींची वाताहत त्यानंतरची. कांचीपुरम परिसरातल्या दहाव्या शतकातील योगिनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच अभ्यासक जुवो-दुब्रोय यांच्यामार्फत पॅरिसच्या सी. टी. लू या व्यापाऱ्याकडे गेल्या आणि युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत विखुरल्या. जे चक्र एकत्र असल्यावरच पूर्ण होते, त्यातल्या देवी आज वेगवेगळ्या खंडांत आहेत. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यातल्या लोखरी गावच्या पशुमुखी योगिनींपैकी महिषमुखी वृषानना चोरीला जाऊन पॅरिसच्या खाजगी संग्रहात पोहोचली होती. ती 2013 साली दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात परतली. तेथलीच अजमुखी योगिनी इंग्लंडमध्ये सापडून 2022 च्या जानेवारीत भारताच्या स्वाधीन झाली.

देवळातली योगिनी अशी निर्वासित होत असताना गावातली डाकीण मात्र आपल्या जागी राहिली, आणि तिच्या नावाची किंमत जिवंत बायकांना मोजावी लागली. रोगराई, गुरांचा मृत्यू किंवा मूल दगावणे यांचा दोष एखाद्या विधवेवर किंवा एकट्या म्हातारीवर ठेवून तिला डाकीण ठरवायचे, मारायचे, तिची जमीन बळकावायची, असे प्रकार राजस्थानपासून सातपुड्यापर्यंत होत आले. मेवाड राज्याने 1853 साली डाकण ठरवून स्त्रियांचा छळ करण्यावर बंदी घातली. ज्या वर्षी जॉन कॅम्पबेल या इंग्रज अधिकाऱ्याने राणीपूर-झरियालच्या नाचणाऱ्या योगिनींची पहिली नोंद केली, तेच हे वर्ष. महाराष्ट्रात नरबळी, अमानुष अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अधिनियम 2013 साली झाला, आणि एखादी व्यक्ती करणी करते असे सांगून तिला त्रास देणे हा त्यान्वये गुन्हा ठरला. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या दुर्गम पाड्यांवर डाकीण प्रथेविरुद्ध काम करणारे कार्यकर्ते आज याच कायद्याच्या आधारे बायकांच्या तक्रारी पोलीस ठाण्यांपर्यंत नेत आहेत.